हौशी युगातील दोन खेळाडू

वऱ्हाडातील गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा फड भरतो. जिंकणाऱ्या पैलवानास नारळ, फेटा आणि रोख इनाम मिळते. ते इनाम तो सर्वांसमक्ष कपाळाला लावून घेतो आणि गावही मोठ्या कौतुकाने देते. खेळून पैसा मिळविला म्हणून त्या पैलवानाची योग्यता कमी झाली, असे अमडापूर, चिखली किंवा मेहकरच्या कोणाही गृहस्थाच्या मनात येत नाही. उलट, इनामाचा आकडा जितका मोठा तितका पैलवानाचा लौकिक मोठा. आपल्याकडे खेळ आणि द्रव्य यांचे नाते असे उघड आणि सरळ होते.

इंग्रजांच्या बरोबर या देशात जे मैदानी खेळ आले, त्यांच्याबरोबर एक निराळाच नियम आला. जो खेळाडू द्रव्यासाठी खेळेल त्याला प्रतिष्ठित स्पर्धेचे दार बंद, असा तो नियम होता. केवळ हौसेने खेळणारा तो ‘हौशी’ आणि पोटासाठी खेळणारा तो ‘धंदेवाईक’. एकदा धंदेवाईकांच्या पंक्तीत बसलेल्या खेळाडूस पुन्हा हौशी लोकांच्या पंक्तीत घेत नसत. लॉन टेनिसच्या खेळात हा सोवळेपणा सन १८७७ पासून १९६७ पर्यंत, म्हणजे तब्बल नव्वद वर्षे टिकून राहिला. या नियमाने अनेकांचे आयुष्य घडविले आणि अनेकांचे बिघडविले. भारतातील ज्या दोन खेळाडूंच्या चरित्रांत त्याचा ठसा स्पष्ट दिसतो, त्यांपैकी एक सांगलीचा आणि दुसरा मद्रासकडचा. त्यांची गाठ एकाच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पडली होती. नंदू नाटेकर आणि रामनाथन कृष्णन ही त्यांची नावे.

त्यांची हकीकत समजण्यासाठी प्रथम या नियमाची जन्मकथा पाहिली पाहिजे. सन १८७४ मध्ये मेजर वॉल्टर विंगफील्ड या इंग्रज गृहस्थाने हिरवळीवर खेळावयाच्या टेनिसचे हक्क सरकारात नोंदविले आणि जाळे, रॅकेटी व चेंडू एका पेटीत घालून विकावयास आरंभ केला. बंगल्यापुढील हिरवळ आणि दुपारची फुरसत या दोन गोष्टी ज्यांच्यापाशी होत्या, त्या वर्गात हा खेळ झपाट्याने पसरला. लंडनच्या उपनगरात विंबल्डन येथे क्रोके नावाच्या खेळाचा एक क्लब होता. त्यानेही आपल्या हिरवळीचा काही भाग नव्या खेळाला दिला. पुढे हिरवळ सपाट करण्याच्या घोड्याने ओढावयाच्या रुळाची दुरुस्ती करण्यास पैसा हवा होता, म्हणून क्लबाने १८७७ च्या जुलै महिन्यात एक स्पर्धा जाहीर केली. सर्व हौशी खेळाडूंस ती खुली होती आणि प्रवेशमूल्य एक गिनी होते. बावीस नावे आली. पावसामुळे अंतिम सामना काही दिवस लांबला. अखेर प्रत्येकी एक शिलिंग देऊन आलेल्या सुमारे दोनशे प्रेक्षकांसमोर स्पेन्सर गोर या खेळाडूने विल्यम मार्शल याचा सरळ तीन सेटमध्ये पराभव केला. पुढे जगात सर्वश्रेष्ठ मानल्या गेलेल्या अजिंक्यपदाचा आरंभ असा एका रुळाच्या दुरुस्तीपासून झाला.

दुसऱ्या वर्षीचा विजेता तर या हौशी वृत्तीचा मूर्तिमंत नमुनाच म्हणावा लागेल. फ्रँक हॅडो हा सिलोनात मळे करणारा गृहस्थ रजेवर इंग्लंडला आला होता. गोर जाळ्याजवळ येऊन चेंडू परस्पर मारतो, हे पाहून याने चेंडू त्याच्या डोक्यावरून उंच टाकण्याची युक्ती योजिली आणि १८७८ चे अजिंक्यपद मिळविले. रजा संपताच तो आपल्या मळ्यावर परत गेला. पुढील वर्षी आपले पद राखण्यासाठी तो आलाच नाही. ज्याचा चरितार्थ मळ्यावर चालतो त्याला अजिंक्यपदाचे ओझे वाटत नाही आणि लोभही वाटत नाही. हौशी खेळाडूचा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अशीच माणसे होती.

याच सुमारास त्या नियमाची दुसरी बाजूही दिसू लागली होती. टेम्स नदीवरील हेन्ली येथील नौकांच्या शर्यतीच्या चालकांनी १८७९ मध्ये हौशीपणाची जी व्याख्या केली, तीत कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूर यांस सरळ वगळले होते. म्हणजे शर्यतीसाठी पैसा न घेणाराही केवळ हाताने कष्ट करून पोट भरतो एवढ्यावरून अपात्र ठरे. टेनिसमध्ये इतका उघड निर्बंध नव्हता. तथापि खेळाचा, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च स्वतः सोसावयाचा आणि त्यातून काही मिळवावयाचे नाही, एवढी अट गरिबास बाहेर ठेवण्यास पुरेशी होती.

विंबल्डनचा जन्म झाला त्याच दशकात दुसऱ्या एका खेळाचे नियम महाराष्ट्रात आकार घेत होते. पुण्याच्या छावणीतील इंग्रज अंमलदार जाळ्यावरून पिसांचे फूल टोलविण्याचा खेळ खेळत. त्या खेळाला ते ‘पूना’ असेच म्हणत आणि १८७३ च्या सुमारास त्याचे काही नियमही तेथे ठरले. रजेवर गेलेल्या अंमलदारांनी हा खेळ इंग्लंडात नेला. तेथे ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या बॅडमिंटन नावाच्या वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. १८९३ मध्ये इंग्लंडात त्याची संस्था स्थापन झाली आणि १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. या खेळातही हौशीपणाचा नियम टेनिसइतकाच कडक होता. किंबहुना टेनिसने तो सोडल्यानंतरही सुमारे अकरा वर्षे बॅडमिंटनने तो धरून ठेवला.

भारतात हे दोन्ही खेळ आले ते जिमखान्यांच्या आणि साहेबी क्लबांच्या वाटेने. जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टर, जज्ज आणि सिव्हिल सर्जन संध्याकाळी रॅकेटी घेऊन जमत. हळूहळू हिंदी अधिकारी, वकील आणि संस्थानिक यांचा त्यांत शिरकाव झाला. १९२१ मध्ये भारताचा संघ प्रथमच डेव्हिस चषकाच्या सामन्यांत उतरला आणि त्याने पॅरिस येथे फ्रान्सला पराभूत केले. या यशाने हिंदी खेळाडू केवळ साहेबाचा जोडीदार नव्हे, तर प्रतिस्पर्धीही होऊ शकतो, हे सिद्ध झाले.

मराठी घरांतही हा खेळ पोहोचला होता. त्याचे नामांकित उदाहरण म्हणजे पंडिता क्षमाबाई राव. तुकारामांच्या गाथेच्या संशोधित आवृत्तीशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या शंकर पांडुरंग पंडितांची ही कन्या. त्यांनी संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिली आणि टेनिसच्या मैदानावरही विजय मिळविले. त्यांची कन्या लीला हिने १९३४ मध्ये विंबल्डन येथे महिलांच्या एकेरीतील पहिला सामना जिंकला. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. संस्कृत विद्या आणि टेनिसची रॅकेट एकाच घरात नांदत होती, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने अपूर्वच म्हटली पाहिजे. पण त्याबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, ते मुंबईतील एका प्रतिष्ठित डॉक्टरांचे सुस्थितीतील घर होते. सामान्य शाळामास्तराच्या किंवा कारकुनाच्या मुलाला हे मैदान कुंपणाबाहेरूनच पाहावे लागे.

अशा परिस्थितीत नाटेकर आणि कृष्णन वाढले. नंदकुमार महादेव नाटेकर यांचा जन्म १२ मे १९३३ रोजी सांगली येथे झाला. कृष्णेच्या काठचे हे संस्थानी गाव गणपतीचे देऊळ, हळदीची पेठ आणि विष्णुदास भाव्यांचे नाटक यांसाठी प्रसिद्ध आहे. क्रिकेटपटू विजय हजारे हेही सांगलीतच जन्मले. रामनाथन कृष्णन हे नाटेकरांहून सुमारे चार वर्षांनी लहान. त्यांचा जन्म ११ एप्रिल १९३७ रोजी दक्षिणेत नागरकोविल येथे झाला. त्यांचे पहिले गुरू म्हणजे त्यांचे वडील टी. के. रामनाथन. नागपूरचे जुने टेनिसपटू म्हणून त्यांची ख्याती होती. नागपूर त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि बुलढाणा जिल्हाही त्याच प्रांतात मोडत असे. तेव्हा पुढे विंबल्डनपर्यंत पोहोचलेल्या या विद्येचा एक झरा वऱ्हाडकरांच्या राजधानीतूनही वाहत गेला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९५१-५२ च्या मोसमात कनिष्ठ गटाची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात सांगलीचे नाटेकर आणि दक्षिणेचे कृष्णन समोरासमोर उभे राहिले. नाटेकरांचे वय अठरा, तर कृष्णन पंधरा वर्षांचेही पुरते झालेले नव्हते. या वयात तीन-चार वर्षांचे अंतर म्हणजे उंची, खांदे आणि दम यांचे मोठेच अंतर असते. तरीही सामना लहान मुलाने जिंकला.

पराभव सर्वांच्याच वाट्यास येतो. पण आपल्याहून लहान प्रतिस्पर्ध्याकडून झालेला पराभव तरुण खेळाडूच्या मनास विशेष झोंबतो. त्यानंतर बहुधा तीन मार्ग असतात. काही जण तोच खेळ पुन्हा जिद्दीने खेळतात आणि काही जण खेळच सोडून देतात. नाटेकरांनी तिसरा मार्ग पत्करला. त्यांनी टेनिस ठेवून बॅडमिंटनची कास धरली. आज मागे वळून पाहिले म्हणजे हा निर्णय किती शहाणपणाचा होता हे कळते. पण त्या दिवशी अठरा वर्षांच्या मुलास तो सोपा गेला असेल असे नाही.

बाहेरून सारखे दिसणारे हे दोन खेळ आतून बरेच भिन्न आहेत. टेनिसचे मैदान अठ्ठ्याहत्तर फूट लांब, तर बॅडमिंटनचे चव्वेचाळीस फूट. टेनिसचे जाळे मध्यभागी तीन फूट उंच, तर बॅडमिंटनचे पाच फूट. टेनिसचा चेंडू एकदा जमिनीवर उसळी घेतो, त्यामुळे खेळाडूस विचारास क्षणभर अवकाश मिळतो. सोळा पिसांचे, पाच-साडेपाच ग्रॅम वजनाचे फूल मात्र जमिनीला टेकले की डाव संपला. टेनिसमध्ये खांद्याचे आणि साऱ्या देहाचे बळ लागते. बॅडमिंटनची मदार मनगटावर असते. हात एकीकडे नेण्याचा आविर्भाव करून शेवटच्या क्षणी मनगट वळवावयाचे आणि फूल दुसरीकडे सोडावयाचे, ही त्या खेळाची खुबी. नाटेकरांना निसर्गाने दिलेले मनगट याच कामासाठी होते. त्यांच्या खेळात आडदांडपणा नव्हता. प्रतिस्पर्ध्यास फसवून त्याची पावले चुकीच्या दिशेने वळविणे, हे त्यांचे वैशिष्ट्य म्हणून पाहणारे सांगत असत. टेनिसमध्ये जो खेळाडू दुसऱ्या क्रमांकावर थांबला, तोच नव्या खेळात अवघ्या दोन वर्षांत देशातील पहिल्या क्रमांकावर पोहोचला. १९५३ मध्ये नाटेकरांनी पुरुषांच्या एकेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

त्या वेळी भारतीय बॅडमिंटनच्या स्मरणात एक जखम ताजी होती. १९४७ मध्ये लाहोरचे प्रकाशनाथ आणि त्यांचे मित्र देविंदर मोहन हे ऑल इंग्लंड स्पर्धेस गेले होते. उपांत्यपूर्व फेरीत या दोघांचीच परस्परांशी गाठ पडली. एकमेकांना दमविण्यापेक्षा त्यांनी नाणे उडवून निर्णय केला आणि प्रकाशनाथ पुढे गेले. ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. पण अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी वृत्तपत्रात लाहोर पेटल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. ज्या शहरात आपले घर आहे ते जळत असताना मन खेळात कसे राहणार? स्वीडनच्या जेप्सनने तो सामना जिंकला. प्रकाशनाथ परत आले, त्यांचे घर गेले आणि त्यांनी खेळही सोडला. भारताचा पहिला जागतिक दर्जाचा बॅडमिंटनपटू असा फाळणीच्या वावटळीत हरवला.

ही रिकामी झालेली जागा नाटेकरांनी भरून काढली. १९५४ मध्ये ते ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. १९५६ मध्ये क्वालालंपूर येथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी पुरुषांच्या एकेरीचे अजिंक्यपद मिळविले. परदेशात बॅडमिंटनचे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय. हा विजय कोठे मिळाला हेही पाहिले पाहिजे. मलाया तेव्हा या खेळाचे माहेरघर होते. जगातील संघांसाठी असलेला थॉमस चषक मलायाने १९४९, १९५२ आणि १९५५ असा ओळीने तीनदा जिंकला होता. अशा प्रांतात जाऊन तेथील जाणत्या प्रेक्षकांसमोर अजिंक्यपद मिळविणे म्हणजे पंढरीच्या वाळवंटात जाऊन कीर्तनकाराने रंग भरण्यासारखे होते. त्यानंतरही नाटेकर वर्षानुवर्षे खेळत राहिले. राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद त्यांनी एकंदर सहा वेळा मिळविले. शेवटचे मिळविले ते १९६५ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. दुहेरी आणि मिश्र दुहेरीतील यश वेगळेच. देशात आणि परदेशात मिळून त्यांच्या विजेतेपदांची संख्या शंभरांवर गेली.

इकडे कृष्णन यांचा रथ दुसऱ्या वाटेने धावत होता. १९५४ मध्ये विंबल्डन येथील मुलांच्या एकेरीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ॲशली कूपरचा पराभव करून अजिंक्यपद मिळविले. हे पद मिळविणारे ते पहिले आशियाई खेळाडू. १९५९ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबची स्पर्धा त्यांनी नील फ्रेझरला हरवून जिंकली. त्याच वर्षी डेव्हिस चषकाच्या सामन्यात त्यांनी रॉड लेव्हरला पराभूत केले. १९६० मध्ये ते विंबल्डनच्या पुरुष एकेरीच्या उपांत्य फेरीत पोहोचले. तेथे फ्रेझरने त्यांना हरविले आणि पुढे अजिंक्यपदही मिळविले. १९६१ मध्ये कृष्णन यांनी रॉय इमर्सनसारख्या बलाढ्य खेळाडूस सरळ तीन सेटमध्ये नमविले आणि पुन्हा उपांत्य फेरी गाठली. या वेळी लेव्हर आडवा आला आणि त्यानेच पुढे ते वर्ष जिंकले. अशा रीतीने दोन्ही वर्षी कृष्णन ज्याच्याकडून हरले तोच अजिंक्यवीर ठरला. १९६२ मध्ये त्यांना चौथे मानांकन मिळाले होते, पण घोट्याच्या दुखापतीमुळे त्यांना मध्येच माघार घ्यावी लागली. कृष्णन यांची सर्व्हिस फारशी वेगवान नव्हती. त्यांचे यश हे अचूकपणाचे, संथ हालचालीतील लयीचे आणि शांत स्वभावाचे यश होते.

याच काळात हौशीपणाच्या नियमाने त्यांची खरी परीक्षा पाहिली. जॅक क्रेमर हे १९४७ चे विंबल्डनविजेते स्वतः धंदेवाईक झाले होते आणि हौशी क्षेत्रातील उत्तमोत्तम खेळाडूंना करार देऊन आपल्या फिरत्या ताफ्यात ओढून घेत होते. १९५९ च्या सुमारास त्यांनी कृष्णन यांच्यापुढे तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलरची हमी ठेवली. त्या वेळच्या दराने हे सात लाख रुपयांहून अधिक होतात. ज्या काळी शाळामास्तराला महिन्याकाठी शंभर-सव्वाशे रुपये मिळणे ही चांगली गोष्ट मानीत, त्या काळातील ही रक्कम आहे. परंतु तो करार करताच विंबल्डनचे दार बंद होणार होते आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डेव्हिस चषकात भारताच्या वतीने खेळणेही बंद होणार होते. कृष्णन यांनी करार नाकारला.

येथे या नियमाविषयी न्याय आणि अन्याय या दोन्ही बाजूंनी विचार केला पाहिजे. हौशीपणाचा आदर्श हा निव्वळ ढोंग होता असे म्हणणे बरोबर नाही. खेळ हा खेळासाठी खेळावा, हरल्यास हसावे आणि जिंकल्यास नम्र असावे, या संस्कारांत काही उदात्तता होती. कृष्णन यांनी नाकारलेला करार आणि प्रकाशनाथ व देविंदर मोहन यांनी उडविलेले नाणे या गोष्टी त्या संस्काराच्याच द्योतक आहेत. परंतु ज्यांनी हा नियम केला त्यांच्या पोटाची सोय आधीच झालेली होती. ब्रिटनचा फ्रेड पेरी हा कापसाच्या गिरणीत काम केलेल्या एका मजूर नेत्याचा मुलगा. त्याने १९३४ ते १९३६ अशी तीन वर्षे विंबल्डन जिंकून इंग्लंडची लाज राखली. पण तो धंदेवाईक होताच त्याच क्लबाने त्याचे सभासदत्व काढून घेतले. दुसरीकडे मोठमोठ्या हौशी खेळाडूंना प्रवासखर्चाच्या नावाखाली गुपचूप पाकिटे दिली जात. उघड मोबदला घेणारा बहिष्कृत आणि झाकून घेणारा प्रतिष्ठित, अशी स्थिती झाली होती. शेवटी विंबल्डन क्लबाच्या अध्यक्षांनीच या हौशीपणास जिवंत असत्य म्हणून संबोधिले.

आपल्याकडे तर पाकिटांचाही प्रश्न नव्हता. खर्च उभा राहावा एवढीच धडपड असे. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीस कुस्तीसाठी निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. तेव्हा कोठे स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, १९३६ मध्ये, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आली होती. त्या प्रवासातही द्रव्यबळापेक्षा मनोबळच अधिक होते. नाटेकरांच्या शंभर विजेतेपदांतून त्यांना चषक मिळाले, ढाली मिळाल्या आणि लोकांचे प्रेम मिळाले. धन मिळाले नाही. त्या काळच्या नियमाने ते मिळूच शकत नव्हते.

१९६१ मध्ये भारत सरकारने उत्कृष्ट खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार सुरू केला. पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत क्रिकेटचे सलीम दुराणी, धावपटू गुरबचनसिंग रंधवा, बुद्धिबळातील मॅन्युएल ॲरन अशी नावे होती. त्याच यादीत टेनिससाठी रामनाथन कृष्णन आणि बॅडमिंटनसाठी नंदू नाटेकर यांची नावे झळकली. दहा वर्षांपूर्वी एका कनिष्ठ स्पर्धेत एक जिंकला आणि दुसरा हरला होता. आता दोघेही एकाच पंक्तीत बसले. पहिल्या सामन्याचा निकाल तेवढ्यापुरताच होता, हे काळाने दाखवून दिले.

कृष्णन यांचा अत्यंत स्मरणीय सामना यानंतर पाच वर्षांनी झाला. १९६६ च्या डिसेंबरात कलकत्त्यास ब्राझीलविरुद्ध डेव्हिस चषकाची आंतरविभागीय लढत चालू होती. निर्णायक सामन्यात थॉमस कॉख दोन सेट विरुद्ध एक असा आघाडीवर होता आणि चौथ्या सेटमध्येही पाच-दोन असा पुढे होता. एकच गेम त्याला हवा होता. कृष्णन यांनी तेथून तो सेट सात-पाच असा ओढून आणला आणि पाचवा सेट सहा-दोन असा जिंकला. भारत प्रथमच डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीस पात्र ठरला. मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाने भारतास चार-एक असे हरविले खरे, पण दुहेरीत कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब व रोश या नामांकित जोडीस पराभूत केले. क्रेमर यांचा करार स्वीकारला असता, तर हा दिवस भारतास दिसला नसता. सात लाख रुपयांच्या बदल्यात काय मिळाले, याचे उत्तर कोठे शोधावयाचे असेल तर ते कलकत्त्याच्या त्या हिरवळीवर शोधावे.

त्यानंतर वर्षभरातच जुनी व्यवस्था कोसळली. डिसेंबर १९६७ मध्ये ब्रिटनच्या टेनिस संघटनेने हौशी व धंदेवाईक हा भेद काढून टाकण्याचा ठराव केला. एप्रिल १९६८ मध्ये बोर्नमथ येथे पहिली खुली स्पर्धा झाली आणि ती केन रोझवॉल या धंदेवाईक खेळाडूने जिंकली. त्याच उन्हाळ्यात विंबल्डनचे दारही उघडले. १९६२ नंतर धंदेवाईक झाल्यामुळे पाच वर्षे ज्याला तेथे पाऊल टाकता आले नव्हते, त्या रॉड लेव्हरनेच पहिले खुले अजिंक्यपद मिळविले आणि दोन हजार पौंडांचे बक्षीस राजरोसपणे घेतले. यात्रेतील पैलवान जे शतकानुशतके करीत आला, ते विंबल्डनला नव्वद वर्षांनंतर मान्य झाले. बॅडमिंटनची दारे १९७९ पासून उघडू लागली, तोपर्यंत नाटेकरांचा खेळण्याचा काळ संपून गेला होता.

या हकीकतीला पुढच्या पिढीची जोड आहे. कृष्णन यांचे चिरंजीव रमेश यांनी १९७९ मध्ये वडिलांप्रमाणेच विंबल्डनचे मुलांचे अजिंक्यपद मिळविले आणि १९८६ मध्ये तेथील पुरुष एकेरीची उपांत्यपूर्व फेरी गाठली. नाटेकरांच्या चिरंजीवांनी वडिलांचा खेळ उचलला नाही. गौरव नाटेकर टेनिसकडे वळले. १९९४ मध्ये हिरोशिमा येथील आशियाई खेळांत लिअँडर पेस यांच्याबरोबर पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले आणि सांघिक सुवर्णपदकातही त्यांचा वाटा होता. ज्या खेळात वडिलांना कनिष्ठ गटाच्या अंतिम सामन्यात माघार घ्यावी लागली होती, त्याच खेळात मुलाच्या गळ्यात आशियाचे सुवर्णपदक पडले. नंदू नाटेकर यांनी २८ जुलै २०२१ रोजी पुणे येथे वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी देह ठेवला. ज्या शहरात बॅडमिंटनला त्याचे पहिले नियम मिळाले, त्याच शहरात भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्याने अखेरचा श्वास घ्यावा, हाही एक योगच होय.

आज खेळून पैसा मिळविणे कोणी हलके मानीत नाही आणि ते योग्यच आहे. अमडापूरसारख्या गावातील शेतकऱ्याच्या मुलाला जर खेळ हाच चरितार्थ करता आला, तर त्याचे स्वागत झाले पाहिजे. बाप मळेवाला असल्याशिवाय मैदानावर पाऊल ठेवता येऊ नये, ही अट गेली ते बरेच झाले. मात्र त्या अटीबरोबर सारेच टाकून देण्यासारखे नव्हते. अठरा वर्षांचा एक मुलगा आपल्याहून लहान मुलाकडून हरतो, त्याच्यावर रुसत नाही, आपले खरे सामर्थ्य कशात आहे हे ओळखून दुसरे मैदान धरतो आणि तेथे वीस-पंचवीस रुपयांच्या चषकांसाठी पंधरा वर्षे तितक्याच जीव ओतून खेळतो, ही गोष्ट शाळेच्या पटांगणावर जमलेल्या प्रत्येक मुलाला सांगण्यासारखी आहे. परीक्षेत, नोकरीत किंवा खेळात पहिल्या डावाला अपयश आलेल्या मुलांची संख्या नेहमीच मोठी असते. त्यांना कृष्णन यांच्या विजयापेक्षा नाटेकरांच्या पराभवाची हकीकत अधिक उपयोगी पडेल.